हिरव्या दिव्यामागचा दोरा

चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण वायरिंग मला वाचता येतं. माझ्या जीपमधली एकेक तार मी स्वतः ओढलेली आहे. लाल कुठून निघते, पिवळी कुठं जाते, डोळे मिटून सांगतो. म्हणून तुमची वायरिंग सडली असं कुणी म्हणालं की मला ते शिवी दिल्यासारखं लागतं.

सुरुवात पोरानं केली. तो जालन्याला नोकरीला आहे, दर रविवारी केदारखेड्याला येतो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याच्या मनात एकच होतं, मी गाडी सोडावी. मी सांगितलं, इतक्या वर्षांत माझ्या गाडीचा कुणाला धक्का लागला न्हाई. मंग पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "अण्णा, चालवायचीच असंल तर निदान एलईडी बल्ब टाकून घ्या. हा उजेड हाय का समई?" मला वाटलं, पोरगं हरलं. खुशीनं हो म्हणालो.

बल्ब टाकले माझ्या दोस्तानं. जालन्यात त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. त्याच्या पहिल्या दुकानाच्या फळ्या मी ठोकल्या होत्या. कामातली एक गोष्टही त्यानं माझ्याकडून घेतली. आपल्याकडच्या उन्हात टेपचा डिंक पातळ होतो आणि पट्टी सुटून लोंबते. म्हणून मी टेपवरून गोधडीचा दोरा गुंडाळतो, शेवटची गाठ आत ओढून घेतो आणि तिच्यावर मेणबत्तीचं मेण लावतो. बाकीचे मिस्त्री हसतात. असा जोड बांधणारे माझ्या माहितीत दोघंच, मी आणि तो.

बल्ब बसले आणि इंडिकेटर पिसाळल्यासारखा टिकटिकायला लागला. तो म्हणाला, "दादा, एलईडी करंट कमी खातो. जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला." त्यानं दिवा लुकलुकवणारी ती फ्लॅशरची डबी बदलली, टिकटिक जाग्यावर आली. आठ-दहा दिवस सगळं बराबर चाललं. मंग हॉर्न बसलाय म्हणून पोरगा एका रविवारी गाडी त्याच्याकडं घेऊन गेला आणि संध्याकाळी आणून लावली.

दुसऱ्या दिवशी मी भोकरदनला निघालो. फाट्यावर डावा इंडिकेटर दिला, तर चारी दिवे लुकलुकायला लागले. उजवा दिला तरी चारी. मागच्या टेम्पोवाल्याला वाटलं मी थांबून राह्यलो, तो बाजूनं घुसला आणि मी वळत होतो. एक वीत अंतर राहिलं. तो ओरडला, "ओ बाबा, वळायचंय का थांबायचंय? घरी बसा ना!"

तसाच दोस्ताकडं गेलो. त्यानं पोरालाही फोन करून बोलावून घेतलं. बॉनेट उघडून थोडं वाकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दादा, वायरिंग पिकली. सगळी बदलावी लागंल. या वयात कशाला ही झंझट? द्या टाकून गाडी."

"वायरिंग मी ओढलीय."

"माणूस पिकतो दादा, तार न्हाई का पिकणार?"

पोरगा एरवी अशा बोलण्यावर हसतो. त्या दिवशी बुटाकडं बघत राहिला. मला ते तेव्हा समजलं न्हाई.

चार दिवस मी अंगणात गाडीला चिकटून होतो. एका बल्बाला दोन तारा लावून केलेला माझा टेस्टर, तेवढाच सोबतीला. अर्थिंगचे सगळे नट काढून घासले. तारा ओढून पाहिल्या, एकही पिकलेली न्हाई. गावात किराणा आणायला जायचं तर वळताना हात बाहेर काढायचो. पारावरचे ओरडायचे, "काय आबा, एसटीला हात करून राह्यले का?"

पाचव्या दिवशी सहज म्हणून उजवीकडं एक जुना बल्ब लावून पाहिला. डावा इंडिकेटर दिला, आणि डावाच लागला. तिथं डोक्यात प्रकाश पडला. मीटरशेजारी इंडिकेटरचा एकच हिरवा दिवा असतो. त्याला एक तार डावीकडून येते, एक उजवीकडून. त्यातून थोडा करंट पलीकडं झिरपतोच. जुना बल्ब म्हणजे बैल, दोन काड्या वैरणीनं त्याचं काय होतं? एलईडी म्हणजे चिमणी, तेवढ्यावरच नाचायला लागते. इलाज साधा आहे. त्या तारांना एकेक डायोड लावायचा, म्हणजे करंट जातो पण परत फिरत न्हाई, आणि दिव्याला वेगळं अर्थिंग द्यायचं.

मीटर खोललं. मागं दोन डायोड आधीच होते. बसवलेले, आणि मंग कटरनं साफ कापून लोंबत सोडलेले. दिवा पुन्हा पहिल्यासारखा थेट जोडला होता. डायोडच्या जोडावर टेप, टेपवर गोधडीचा दोरा, गाठ आत ओढलेली, मेण लावलेलं.

बायको चहा घेऊन आली. मी नुसतं म्हणालो, "हे बघ." तिनं दोऱ्याकडं पाहिलंच न्हाई. म्हणाली, "पोराला तुमची काळजी हाय हो."

मी पोराचं नाव काढलं नव्हतं.

चहा तसाच राहिला. जोड मी पुन्हा केला, दोरा बांधला, मेण लावलं आणि सरळ जालना गाठलं. दुकानासमोर वळताना डावा इंडिकेटर दिला. डावाच लागला. दोस्तानं ते पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"दादा, त्या हॉर्नच्या रविवारी तुमच्या पोरानं लई विनवण्या केल्या. अन् नाक्यावरचा सायकलवाला आठवतो का? मी शेजारी बसलेलो होतो. मी ओरडलो म्हणून तुम्ही ब्रेक मारला."

खोटं का बोलू, तसंच झालं होतं. मी मात्र मनात उलटं धरून बसलो होतो, की आधी ब्रेक, मंग ओरडणं.

"मंग तोंडावर सांगायचं."

"ऐकलं असतं का तुम्ही?"

"न्हाई. भांडलो असतो. पण माझा डोळा कच्चा म्हणून गाडीचा डोळा फोडला तुम्ही? तो टेम्पो एक वीत आत आला असता तर?"

"कोणता टेम्पो?" त्यानं विचारलं. टेम्पोचं मी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर तो स्टुलावर बसला आणि मी निघेपर्यंत उठला न्हाई.

आता मी दिवसाउजेडी चालवतो, भोकरदनच्या पुढं जात न्हाई, शेजारी परक्या माणसाला बसवत न्हाई. हे माझं मी ठरवलं. विचारलं असतं तर तेव्हाही कदाचित ठरवलं असतं. कदाचित न्हाई.

परवा पोरगा शेजारी बसला होता. फाट्यावर मी इंडिकेटर दिला आणि हातही बाहेर काढला.

"अण्णा, इंडिकेटर बराबर चालू हाय ना. हात कशाला?"

"तारेला कुणीबी कटर लावतं," मी म्हणालो.

मी वळण घेतलं.