आईचं काम, बाबांचं कमिशन

जो कमी बोलतो त्याच्याकडे किस्से जास्त साठतात, असं माझं निरीक्षण आहे. पाहुणे आले की मी चहाचा ट्रे ठेवते आणि दाराजवळच्या स्टुलावर बसते. थोड्या वेळानं मी तिथं आहे हे सगळे विसरतात, आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतात. यंदा माझ्याकडे साठलेले सगळे किस्से क्रेडिट कार्डाचे आणि त्यावरच्या टॅक्सचे आहेत. आता ते सांगताना घरात हसतात. घडत होते तेव्हा मात्र कोणी हसत नव्हतं, कारण शेवटी शेवटी गोष्ट बाबांच्या नोकरीवर आली होती.

*

सुरुवात संक्रांतीच्या हळदीकुंकवात झाली. आम्ही पुण्याहून बंगळुरूला आलो ते बाबांच्या आयटीतल्या नोकरीमुळे. आईची पुण्यातली विमा कंपनीतली नोकरी तेव्हा सुटली. इथं यशवंतपूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं बरीच आहेत, त्यामुळे हळदीकुंकवाला हॉल भरतो.

बाबांच्या क्रेडिट कार्डाचंच एक जोडकार्ड आईकडे होतं. बँकेची 'रेफरल' नावाची एक योजना होती: आपल्या लिंकवरून दुसऱ्या कोणी कार्ड घेतलं की आपल्याला बक्षिसाचे पैसे. लिंक बाबांच्या नावाची, कारण मुख्य कार्ड त्यांचं. वाटायची मात्र आई. तिळगूळ देऊन झाला की ती समोरच्या बाईला विचारायची, "किराणा कुठून भरता? पेट्रोल किती लागतं?" मग दोन मिनिटं विचार करून सांगायची, "तुम्ही घ्या," किंवा "तुम्ही नका घेऊ, तुम्हाला परवडणार नाही."

"नका घेऊ" ऐकलेल्या बायका सगळ्यात आधी घ्यायच्या.

संध्याकाळी बाबांच्या फोनवर लिंकवरून अर्ज आल्याचे मेसेज एकामागून एक वाजायला लागले. बाबा म्हणाले, "चांगला टाइमपास शोधलास."

आई वाण मोजत होती.

*

जुलैमध्ये बाबा इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला लॅपटॉप घेऊन बसले. शेजारी सल्ला द्यायला पाटीलकाका. काका निपाणीकडचे, इथल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांचं मराठी मध्येच कन्नडमध्ये जातं आणि परत येतं.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मिलिंद, मार्चपर्यंत जे रेफरलचे पैसे आले, ते दाखवायचे ना?"

"कशाला वैनी?" पाटीलकाका म्हणाले. "ते पॉइंट. पॉइंट म्हणजे सूट. दुकानदारानं शर्टावर शंभर रुपये सोडले तर ते काय सरकारला सांगत बसता?"

"करेक्ट," बाबा म्हणाले.

"शर्टावर सूट मिळायला शर्ट घ्यावा लागतो," आई म्हणाली. "मी कुठं घेतला? मी पाटीलवहिनींना घ्यायला लावला."

पाटीलकाकांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सरी, बरोबर. पण शर्ट चांगला निघाला हं वैनी."

बाबांनी ती रक्कम न दाखवताच रिटर्न पाठवून दिलं.

*

पाटीलकाकांना स्वतःलाही पॉइंटांचं वेड होतं. कोणाला काही घ्यायचं असलं की ते म्हणायचे, "माझ्या कार्डावर घ्या, मला रोख द्या." बिल्डिंगमधले दोन फ्रिज, एक वॉशिंग मशीन आणि पुतणीच्या लग्नाचा हॉल त्यांच्या कार्डावर गेला.

कार्डाचं वर्षाचं बिल फार मोठं झालं की बँक ते टॅक्स खात्याला कळवते, हे काकांना माहीत नव्हतं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्यांना खात्याकडून विचारणा आली: पगार एवढा, मग खर्च त्याच्यापेक्षा जास्त कसा?

सकाळी सकाळी काका आमच्या दारात उभे. घाम आलेला, हातात कोरे कागद. "मिलिंदराव, स्वल्प लिहून द्या, वॉशिंग मशीन तुमचं आहे म्हणून." मग ते वरच्या मजल्यावर गेले. मग त्याच्या वरच्या.

पाटीलकाकू जिन्यात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. काका खाली आल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अख्ख्या बिल्डिंगचे फ्रिज घेतले म्हणायचे. आमचा गळतोय तो कधी घेणार?"

काकांचं उत्तर खात्यानं मान्य केलं. काकूंनी मात्र अजून केलेलं नाही.

त्या दिवशी जेवताना बाबांनी मोबाइलवर आपलं रिटर्न उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि बंद केलं.

*

बाबांनी तेव्हा नोकरी बदलायची ठरवली होती. नवीन कंपनीचं ऑफर लेटर आलं, म्हणून जुन्या कंपनीचा राजीनामा देऊन झाला होता. फक्त कागदपत्रांची तपासणी राहिली होती.

एका संध्याकाळी तपासणीवाल्यांची मेल आली. त्यांनी बाबांचे टॅक्सचे कागद मागवून घेतले होते. त्यात पगाराच्या खाली आणखी एक ओळ होती. बँकेनं बाबांना 'कमिशन' दिलं होतं आणि त्यातून कर कापून सरकारकडे भरला होता. बाबांनी कंपनीच्या फॉर्मवर तर लिहिलं होतं, की नोकरीशिवाय मी दुसरं कोणतंही काम करत नाही. मेलमध्ये विचारलं होतं, हे कसलं काम आहे? समाधानकारक खुलासा मिळेपर्यंत तुमचं जॉइनिंग थांबवत आहोत.

बाबांनी मेल मोठ्यानं वाचली. जुन्या कंपनीतला त्यांचा शेवटचा दिवस त्याच आठवड्यात होता.

"नीलिमा, तुला हे उद्योग कोणी सांगितले होते?"

"उद्योग?" आई म्हणाली. "तू तर टाइमपास म्हणाला होतास."

मी माझं ताट उचललं आणि आत गेले.

*

शनिवारी आम्ही तिघं चामराजपेटला गेलो. तिथं पाटीलकाकांच्या ओळखीच्या सुलोचनाअक्का टॅक्सची कामं करतात. बेळगावच्या आहेत. उदबत्तीच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे, त्यामुळे तिथल्या फायलींनासुद्धा मोगऱ्याचा वास येतो.

बाबांनी घरूनच खुलासा लिहून आणला होता: 'हे माझ्या खर्चावर मिळालेले रिवॉर्ड पॉइंट आहेत.'

अक्कांनी तो वाचला आणि उलटा ठेवला. "स्वतःच्या खर्चावर मिळाले ते पॉइंट सूट म्हणून सोडता येतात. हे तसले नाहीत. बँकेला गिऱ्हाईक आणून दिलं त्याचे पैसे आहेत हे. उत्पन्न झालं. रिटर्न सुधारून भरा, राहिलेला कर आणि व्याज भरा. घाबरण्यासारखं काही नाही."

"मग गिफ्ट म्हणून दाखवलं तर?" बाबांनी विचारलं.

"बँकेला तुमची एवढी माया कधीपासून यायला लागली?"

आई पहिल्यांदाच बोलली. "अक्का, काम मी केलंय. मग उत्पन्न याचं कसं?"

"कार्ड त्यांचं, करार त्यांचा, पॅन नंबर त्यांचा. कर त्यांनीच भरायचा," अक्का म्हणाल्या. "सरकारला हळदीकुंकू दिसत नाही ताई. कंपनीला दाखवायचं असेल तर तुम्ही दाखवा."

येताना रिक्षात बाबा म्हणाले, "पॉइंट म्हणून लिहिलं असतं तर भागलं असतं."

"आणि त्यांनी बँकेला विचारलं असतं तर?"

बाबा उरलेला सगळा रस्ता आईच्या उलट बाजूला बघत होते, म्हणजे माझ्याकडे. मी मैसूर सिल्कच्या पाट्या वाचत राहिले.

*

रिटर्न सुधारून झालं. बाबांनी कंपनीला खरं काय ते कळवलं. त्यावर कंपनीच्या एचआर मॅडमनी व्हिडिओ कॉल ठेवला. 'निर्णय कॉलनंतर कळवू,' एवढंच लिहिलं होतं. जुनी नोकरी तोपर्यंत संपली होती.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलापाशी बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात. मी नेहमीच्या स्टुलावर.

मॅडम हिंदीत बोलत होत्या. आवाज सौम्य होता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती.

"हे काम तुम्ही ऑफिसच्या वेळात करत होतात का?"

"नाही मॅडम. मी करतच नव्हतो. माझी पत्नी करायची."

"पण तुमच्या फॉर्मवर लिहिलंय, पत्नी गृहिणी, काही काम करत नाही. मग या दोन्हींपैकी खरं कोणतं?"

बाबांनी टेबलावरची पाण्याची बाटली सरळ केली. ती सरळच होती. मग म्हणाले, "फॉर्मवर मी चुकीचं लिहिलंय."

मी आईकडे पाहिलं. तिनं पदराला हात पुसले आणि न बोलावताच येऊन बाबांच्या शेजारी बसली.

मॅडमनी तिला बरंच विचारलं. कोणाला कार्ड दिलं, कसं समजावलं, पैसे कुठं गेले. आईनं सगळं सांगितलं. कोणाला नको म्हणाली तेही. पैसे गेले माझ्या गणिताच्या क्लासला, हे मला तेव्हाच कळलं. "उत्पन्न यांच्या नावावर आहे," ती शेवटी म्हणाली, "काम माझं आहे."

मॅडम काहीतरी टाइप करत राहिल्या. बाबा स्क्रीनकडे बघत होते.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "खुलासा मान्य. सोमवारी जॉइन व्हा. एकच अट. इथून पुढं अशा कमिशनचा एक रुपयासुद्धा तुमच्या नावावर यायचा नाही."

"कधीच नाही मॅडम. प्रश्नच नाही."

बाबा खुर्चीत मागे टेकले. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

"मग मी आता माझ्या नावाचं कार्ड काढते," आई त्यांना म्हणाली. "फिक्स डिपॉझिटवर मिळतं. काम मी बंद करणार नाही."

"काढ ना," बाबा खुशीत म्हणाले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "थांब, मी तुला माझी लिंक पाठवतो."

मॅडमनी कॉल अजून बंद केलेला नव्हता.