शेरू काय म्हणतोय

म्हाताऱ्या शेरूच्या तोंडाभोवती एक माशी घोंघावत होती आणि तो कान हलवून तिला हाकलत होता. मी त्याच्या छातीवर हात ठेवून डोळे मिटले. प्राण्यांच्या मनातलं ओळखते, म्हणून लोक मला बोलावतात.

"मी महिनाभर लेकीकडे राहिले, म्हणून रागावलाय का गं?" काकूंनी विचारलं.

"नाही म्हणतोय. आता दुखतही नाही म्हणतोय."

सगळ्यांना माफीच हवी असते, आणि मुक्या जिवाच्या नावाने ती देऊन टाकणं फार सोपं असतं. मी बोलतच राहिले. डोळे उघडले तेव्हा माशी शेरूच्या उघड्या डोळ्यावर बसली होती. माझ्या हाताखालचा श्वास कधी थांबला, ते मला कळलंच नव्हतं.

काकू डोळे पुसत हसल्या. "अजून काय म्हणतोय?"