झाकणांच्या लाइनवरचं जर्मन पुस्तक

पुण्यात जर्मन शिकताना आम्हाला कामगारांच्या कादंबऱ्यांवर एक पेपर होता. कारखान्याचा भोंगा, चार बिऱ्हाडांत मिळून एक स्वयंपाकघर, रविवारी वाळत घातलेले कामाचे कपडे, या सगळ्यावर मी वीस पानं लिहिली आणि चांगले मार्क मिळवले. तोवर मी सलग आठ तास कधी उभी राहिले नव्हते.

ते मी न्यूझीलंडला, ऑकलंडच्या ईस्ट टामाकी भागात शिकले. तिकडे डिप्लोमा केला आणि नोकरी मिळाली ती आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या फॅक्टरीत. पहिल्या आठवड्यात पाय इतके सुजले की संध्याकाळी बूट निघेनात.

शेजारच्या मशीनवर साठी ओलांडलेले एक जर्मन ऑपरेटर होते. एकदा मशीन अडकलं तेव्हा त्यांनी जर्मनमध्ये अशी शिवी हासडली की मला हसू फुटलं.

"तुला कळलं?" ते चमकून म्हणाले.

"कळलं. व्याकरणही बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी स्मोकोला, म्हणजे दहाच्या चहाच्या सुट्टीत, त्यांनी कव्हर गेलेली एक कादंबरी माझ्यापुढे ठेवली. ओतकाम करणाऱ्या त्यांच्या वडिलांची होती. "वाचून दाखवशील? चष्मा घरी राहिलाय."

मग चष्मा रोजच घरी राहू लागला. मी दोन-तीन पानं वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. एका प्रकरणात कामगाराची बायको फाटकापाशी सुपाचा डबा घेऊन उभी असते. असल्या प्रसंगाला मी पेपरात 'शोषणाचं प्रतीक' म्हटलं होतं. ते म्हणाले, "माझी आई अशीच उभी राहायची. सूप गार होऊ नये म्हणून डबा कोटाच्या आत धरायची. पोटावर भाजल्याचा डाग होता तिच्या." माझ्या त्या वीस पानांची मला लाज वाटली.

चष्म्याचं खरं कारण पुढे कळलं. खोक्यावरच्या लेबलची बोटभर उंचीची अक्षरं त्यांनी मला विचारली. मी बघतच राहिले.

"मधलं दिसत नाही गं. कडेकडेचं दिसतं," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. पेन्शनला दोन वर्षं आहेत. कुणाला सांगू नकोस."

मी शब्द दिला. तेव्हापासून लेबलं, मशीनचा स्क्रीन, सगळं मी त्यांना गुपचूप वाचून सांगायचे.

दोन हजार पंधरात मला डिस्पॅचच्या ऑफिसात जागा मिळाली. रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, तशीच नोकरी लागणार होती. ते खूश झाले. मी विचारलं, "पण स्क्रीन कोण वाचणार?"

"पाठ आहे मला. तू जा."

मी गेले. सहाव्या आठवड्यात, मशीन थांबलंय असं समजून त्यांनी अडकलेलं झाकण काढायला हात घातला. मशीन चालू होतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीला आलेल्या बाईंनी आम्हाला एकेकाला बोलावलं. "त्यांना नीट दिसत नव्हतं, हे तुला माहीत होतं का?"

माझा अर्ज तेव्हा इमिग्रेशनकडे होता. मी म्हणाले, "नाही."

त्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. हाताला मोठं बँडेज होतं. डाव्या हाताने त्यांनी मला चहा करून दिला, मला कशालाच हात लावू दिला नाही. मी चौकशीत काय बोलले ते सांगून टाकलं. मी तेव्हाच सुपरवायझरला सांगितलं असतं तर तुमची बोटं वाचली असती, हेही मी म्हणाले.

ते म्हणाले, "मीच तुझ्याकडून शब्द घेतला होता. पण तुलाही नोकरी हवी होती." रागाने नाही, हवामानाबद्दल बोलावं तसं.

कादंबरीची दोन प्रकरणं राहिली होती. "वाचू का?" मी विचारलं.

"नको. आज नको."

महिन्याभरात ते मुलीकडे ख्राइस्टचर्चला गेले. पुढच्या वर्षी माझी रेसिडेन्सी आली. ती बातमी सांगायला मी फोन केला, तेव्हा मुलगी म्हणाली, ते झोपलेत. दुसऱ्यांदा केला तेव्हाही झोपलेलेच होते. तिसऱ्यांदा तिने फोन त्यांच्याकडे नेल्याचं मला ऐकू आलं, कोण आहे ते सांगितल्याचं ऐकू आलं, आणि मग ती परत येऊन म्हणाली, "सॉरी, ते दमलेत."

चौथा फोन मी केला नाही. करायला हवा होता.