सोपानराव आणि काचेतला हऱ्या

निघोज्याच्या सोपानरावांनी चाकणच्या बाजारात उभ्या हयातीत पुष्कळ बैल विकले, पण एकाही गिऱ्हाइकाला दावं दिलं नाही. जनावराच्या कपाळाला कुंकू लावावं, पाठीवरून हात फिरवावा, गळ्यातलं दावं मात्र सोडून आपल्याकडं ठेवावं. दाव्याबरोबर घरची बरकत जाते, असं त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. पुढं जमीन कंपनीत गेली, बैल गेले, गोठा रिकामा पडला. इतकी दावी राखूनही बरकत कुठल्या वाटेनं निसटली, हे काही त्यांना उमगलं नव्हतं.

त्यांच्या मुलाच्या, शेखरच्या मते ती जपानात जाऊन बसली होती. त्याला कंपनीनं ट्रेनिंगला तिकडं धाडलं, तर हा पठ्ठ्या सुट्टीच्या दिवशी कुत्र्यांची दुकानं बघत हिंडला. तिथली कुत्री म्हणे बाबागाडीतून फिरतात, कोमट पाण्यात डुंबतात आणि वाढदिवसाला रताळ्याचा केक खातात. परत आल्यावर त्यानं नोकरी सोडली आणि पिंपळे सौदागरला तसंच दुकान थाटलं. पाटीवर जपानी अक्षरं काढली. ती शेखरलाही वाचता येत नाहीत, पण त्यांच्यामुळं गिऱ्हाईक जरा दबकून आत शिरतं.

घरी करमत नाही म्हणून सोपानराव रोज दुकानात येऊन बसत. धोतर-टोपीतला हा गृहस्थ कोपऱ्यात असा निश्चल बसलेला असे, की नव्या गिऱ्हाइकाला तोही सजावटीतलाच वाटावा. समोर कुत्र्यांची नखं रंगवली जात, कानांना फिती बांधल्या जात. सोपानराव तोंडावर उपरणं धरून हसत. पण काचेच्या कपाटातल्या एका पिल्लाकडं पाहिलं की त्यांचं हसू आटायचं.

गुळाच्या रंगाचं, कुरळ्या केसांचं पूडल होतं ते. शेखरनं जपानी नाव ठेवलं हारू, सोपानरावांनी केलं हऱ्या. कुणी घेत नव्हतं म्हणून ते काचेतच वाढत होतं. गोऱ्हा वाढला की भाव चढतो, इथं पिल्लू वाढलं की उतरतो, हा उलटा बाजार सोपानरावांच्या डोक्यात शिरेना. हऱ्याला दुकानातल्या एसीची गार फरशी ठाऊक होती, मांडी ठाऊक होती, माती कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. शेवटपर्यंत कुणी नेलं नाही तर ह्याचं काय होणार, या विचारानं म्हाताऱ्याला जेवण गोड लागत नसे.

म्हणून विजयश्रीबाईंनी त्याला पसंत केलं तेव्हा सोपानरावांना कोण आनंद झाला. या बाई माणच्या आयटी कंपनीत होत्या. शेखर कामाला बाहेर गेलेला. पैशांचं तनुजानं, म्हणजे दुकानातल्या मुलीनं, पाहिलं. जनावर हवाली करण्याचा मान सोपानरावांनी आपल्याकडं घेतला. गाडीपर्यंत गेले, हऱ्याच्या कपाळाला कुंकू लावलं, त्याला बाईंच्या कडेवर दिलं आणि गळ्यातला पट्टा साखळीसकट अलगद काढून खिशात घातला.

बाई गोंधळल्या. पट्टा राहू द्या, म्हणाल्या.

"दावं देत न्हाईत, ताई," सोपानराव मायेनं म्हणाले. "जनावर तुमचं. दावं आमचं."

तेवढ्यात मागून पाण्याच्या टँकरनं भोंगा दिला. हऱ्यानं असला आवाज काचेआडूनच ऐकलेला. तो बाईंच्या हातून साबणाच्या वडीसारखा सटकला. धरायला गळ्यात काही नव्हतं. दुचाकींच्या गर्दीत तो गुळाचा खडा दिसला, न दिसला, आणि विरघळला.

बाई चपला टाकून धावल्या. सोपानराव धोतर सावरत धावले. गॅरेजवाल्यांना विचारलं, वडापाववाल्याला विचारलं, "हऱ्या, हऱ्या" करत प्रत्येक गाडीखाली वाकून पाहिलं. लोकांना वाटलं, आजोबांचा नातू हरवला. ते काही त्यांनी खोडून काढलं नाही.

शेखर परत आला तेव्हा ते पायरीवर बसले होते. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शेजारी बसला आणि हळूच म्हणाला,

"तात्या, बैल सुटला तर घर हुडकत येतो. हे कुठं येणार?"



दुसऱ्या दिवशी, जिथं दुकानाचा नंबर ठेवून आले होते अशा एका सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला. हऱ्या पार्किंगमध्ये सापडला, मागचा पाय मोडलेला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि चाल थोडी लंगडी राहील, असं सांगितलं. विजयश्रीबाई बघायला आल्या, रडल्या. शेखरनं दुसरं पिल्लू देऊ केलं, तर हात जोडून म्हणाल्या, आता कुठलंच नको. सोपानरावांकडं त्यांनी पाहिलं नाही. ते त्यांना रागापेक्षा जास्त लागलं.

लंगडं कुत्रं काचेत ठेवता येईना. सोपानरावांनी त्याला मांडीवर घेऊन रिक्षानं निघोज्याला आणलं. बैल सांभाळले, मग हे वीतभर लेकरू सांभाळता येणार नाही होय? ऐन वैशाखातली दुपार. अंगणात ठेवलं, तर हऱ्या मातीवरचे पुढचे पंजे आळीपाळीनं उचलू लागला, तव्यावर ठेवल्यासारखा. भाकरी-दूध हुंगलं नाही. गोठ्याच्या सावलीत ठेवलं, मंजुळाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, खाली ओलं पोतं अंथरलं. तरी जीभ बाहेर, डोळे वर, पोट भात्यासारखं. सोपानरावांनी टोपी काढून वारा घालायला सुरुवात केली.

"आवं, किती वारा घालाल? मरंल ते," मंजुळाबाई म्हणाल्या.

सोपानरावांचा हात थांबला. एका हातानं टोपी तशीच धरून त्यांनी दुसऱ्या हातानं शेखरला फोन लावला. मुलाच्या दुकानाला उपरण्याआड इतके दिवस हसलेला तो माणूस आधी खाकरला, मग म्हणाला,

"शेखर, गोठ्याला एसी बसतो का रं?"

पलीकडून शेखर हसेल, अशी त्यांना भीती होती. तो हसला नाही. गोठ्याला दारं न्हाईत तात्या, गार हवा राहणार कुठं, एवढंच म्हणाला, आणि गाडी घेऊन निघतो म्हणाला. चाकणच्या रस्त्यावर या वेळी ट्रकांची रांग असते, हे दोघांनाही माहीत होतं. सोपानरावांनी फोन पोत्यावर ठेवला आणि पुन्हा टोपी हलवायला लागले.