चौथ्या मागाचा दगड

सत्तरच्या दशकात फौजेतून हवालदार म्हणून घरी आलो आणि विट्याला पत्र्याच्या शेडमध्ये सहा जुने यंत्रमाग टाकले. कापडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माणसं हाकायचं मात्र आपल्याला कळतं, अशी ठाम समजूत होती.

पहिल्याच आठवड्यात मी शेडची सफाई काढली. मागाच्या पाठीमागे सूत गुंडाळलेल्या रुळावर, म्हणजे बीमवर, ताण राहावा म्हणून दोन्ही अंगांच्या दोरांना लोखंडी वजनं टांगलेली असतात. आमच्या विणकरांनी त्यांच्या जोडीला चिंधीत बांधलेले दगड लटकवले होते, प्रत्येकाचा वेगळा. मला तो निव्वळ गबाळेपणा वाटला. सगळे सोडून परसात फेकायला लावले. चौथ्या मागावरचा वयस्कर विणकर तेवढा आडवा आला.

"आवं हवालदार, त्यो नुसता दगड न्हाई. काढू नगासा. ऐका तरी..."

चारचौघांत उलट बोलतो म्हणून माझं टाळकं सरकलं. त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

पुढच्या खेपेला सांगलीच्या व्यापाऱ्याने आमच्या कापडाचं ठाण उजेडात धरलं. कुठे दाट, कुठे विरळ, नुसते पट्टे. त्याच्याच सुताची बिमं आम्ही विणून देत होतो.

"सोमवारी असाच माल आला तर बिमं बंद," तो शांतपणे म्हणाला. बिमं बंद म्हणजे शेडला कुलूप.

तीन दिवस मी माग खोलून घेतले, माणसांवर ओरडलो. पट्टे जाईनात. कोणी तोंड उघडेना. उघडणाऱ्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी मीच परसातल्या गवतातून दगड वेचून दारात मांडले. "चुकलं माझं. ज्याचा त्यानं घ्या," म्हणताना मान वर होत नव्हती. पाच जणांनी आपापला दगड लगेच ओळखला आणि संध्याकाळपर्यंत पाच मागांचे पट्टे गेले.

सहावा दगड उरला. चौथ्या मागावरच्या नव्या माणसाला तो काही केल्या जमेना. मग पिशवीत घालून मीच त्या काढलेल्या विणकराच्या घरी गेलो.

त्याने दगड हातात तोलून पाहिला. "मी आता शेजारच्या शेडात लागलोय," म्हणाला, आणि दगड माझ्या हातात परत दिला. "डाव्या अंगाला टांगा. त्या बाजूचा दोर ढिला पडतोय. त्या दिशी ह्येच सांगत हुतो."

सोमवारी माल पास झाला. व्यापाऱ्याने पाठ थोपटली तेव्हा मला लाज वाटली.