डागाळलेले पट्टे

"हे पट्टे तुम्ही पास केलेत?" देसाईसाहेबांनी एक पट्टा टेबलावर उलटा टाकला.

ते साइट इंजिनीअर, मी स्टोअरकीपर. आमचा ठेकेदार राजापूरकडे विजेचे खांब उभे करत होता. वायरमन खांबावर दोन्ही हात मोकळे ठेवून काम करतो, ते कमरेच्या पट्ट्याच्या भरवशावर.

पट्टे गावातल्या धोंडूमामांनी बनवलेले होते. ऐनाची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवून ते कातडं कमवायचे. असं कातडं वरून घासत नाहीत. त्यामुळे जनावराच्या अंगावरचे ओरखडे, शिरा सगळं दिसतं. रंगही एकसारखा येत नाही.

"सेकंडहँड वाटतात. रिजेक्ट करा."

मी परत द्यायला गेलो. मामांनी एका ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"जनावर रानात चरतंय, सायेब. करवंदीचा काटा लागनारच. पन ताकद ह्या वरच्या थरातच असते."

मला ते पटलं होतं. तरी साहेबांपुढे बोललो नाही.

मुंबईहून नवे पट्टे आले. काळे, चकचकीत, एकही डाग नाही. वजन टांगून लोड टेस्ट घ्यायची असते. काम तुंबलं होतं. मी टेस्ट न घेता सही केली.

हेदवीचा गणपत आमचा जुना वायरमन. त्याने पट्टा हातात वाकवून पाहिला.

"भाऊ, मामांचा एकही ठेवला नाहीस?"

"सगळे परत गेले. हाच घे."

तिसऱ्या आठवड्यात तो खांबावर मागे रेलला आणि पट्टा बकलापाशी तुटला. मी खालीच उभा होतो. गणपत कातळावर पडला. वाचला, पण कमरेखाली कायमचा लुळा पडला.

तुटका पट्टा मी मामांकडे नेला. त्यांनी वाकवताच काळा पापुद्रा सुटला. आत भुसभुशीत तंतू.

"कातडं जाडीतून आडवं चिरलंय. वरचा थर दुसरीकडं गेला. हा खालचा, त्यावर रंग." मग त्यांनी विचारलं, "कोन पडला?"

मी नाव सांगितलं.

रिपोर्टमध्ये 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. साक्षीदार म्हणून सही माझी. नोकरी जाईल या भीतीने केली.

पुढे दुसऱ्या नोकरीत मी साधा दोरसुद्धा वजन टांगल्याशिवाय इश्यू केला नाही. लोक हसायचे. टेस्टला अर्धा तास लागतो. गणपतच्या वेळीही तेवढाच लागला असता.