न सांडलेला चहा

लुसुंगु हारावा आमच्या रुम्फी गावातल्या मुलींच्या शाळेत बावीस वर्षं टायपिस्ट आहे. मी तिथेच भूगोल शिकवते. जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि आठवलं की आजही डोकं तापतं.

ऑफिसातला कॉम्प्युटर तेरा वर्षांचा. एका सोमवारी लाइट दोनदा गेली-आली आणि तो सुरूच होईना. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, तीनदा 'टूं' वाजायचं, स्क्रीन काळा तो काळाच. आत शेवटच्या वर्गातल्या सत्त्याऐंशी मुलींची परीक्षेची यादी अडकलेली. शुक्रवारपर्यंत ती पाठवायची होती.

मझुझू शहरातून ऑब्रे मुंथाली नावाचा मेकॅनिक आला. चकचकीत बूट, कानाला फोन. त्याने बटण दाबलं, आवाज ऐकला आणि टेबलावरच्या कपाकडे पाहिलं.

"बोर्ड जळलाय. चहा सांडलात ना, बाई?"

"चहा? मी चहाला शिवत नाही. कपात थोब्वा आहे, घरच्या मक्याची पेज."

"पातळ ते पातळच!" तो हसला. "तुमच्या वयाला टाइपरायटरच बरा होता."

पाच मिनिटांत त्याने अहवाल खरडला: कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे यंत्र निकामी, नवीन घ्यावे. हेडमास्तर कुम्वेंडांनी तो मुकाट्याने फाइलला लावला. वर म्हणाले, "लुसुंगुबाई, लेखी खुलासा द्या."

दुपारी जेवताना तिने मक्याच्या न्सिमाचा घास मोडला नाही. "बावीस वर्षांत एक कागद हरवला नाही माझ्या हातून," ती म्हणाली. "आणि हा मला वेंधळी ठरवून गेला! अगं, कॉम्प्युटरचा डबा उघडलासुद्धा नाही त्याने. खिशातून हात काढला तो बटण दाबण्यापुरता."

मग उठून तिने कपाटातून कॉम्प्युटरबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढलं. तेही तिने जपून ठेवलं होतं. तीनदा आवाज म्हणजे मेमरीची तक्रार, असं त्यात स्वच्छ छापलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हेडमास्तरांना टेबलाशी उभं केलं.

"सर, आधी हे स्क्रू बघा. खाचांत धूळ गच्च बसलीय, या एकावर कोळ्याने घर केलंय. कुणी हात लावलाय असं वाटतं?"

हेडमास्तरांनी वाकून पाहिलं. म्हणाले, "पण तुम्ही उघडून आणखी बिघडलं तर?"

"तुमच्या कागदावर ते मेलंच आहे. आता आणखी काय मरणार?"

तिने प्लग काढला, झाकण उघडलं. आत धुळीची गोधडी होती, डाग एकही नव्हता. रंगाच्या ब्रशने तिने धूळ झाडली, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात माझ्या खोडरबराने घासले. दोन्ही बसवल्या, तेच तीन 'टूं'. पहिली एकटी बसवली, तरी तेच. दुसरी एकटी बसवली. एकच 'टूं' झाला आणि स्क्रीन उजळला. तारीख मात्र जुनाट दाखवत होता. ती तिने नीट केली आणि यादी उघडली. सत्त्याऐंशीच्या सत्त्याऐंशी नावं.

"झालं ना सुरू!" हेडमास्तर खूश. "आता विसरा ते सगळं."

"कसं विसरू? फाइलमध्ये मी अजून चहा सांडतेय."

"बाई, एका ओळीचं काय एवढं?"

"एका ओळीनेच माणूस नोकरीवरून जातो, सर."

तिने त्याच कॉम्प्युटरवर हेडमास्तरांच्या सहीसाठी पत्र टाइप केलं: यंत्र न उघडता अहवाल दिला गेला, कुठेही काही सांडलेलं नव्हतं. हेडमास्तरांनी पेन हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. ती हलली नाही. शेवटी सही झाली. यादी गुरुवारीच गेली.

माफी मात्र कुणीच मागितली नाही, ना मुंथालीने, ना हेडमास्तरांनी. आणि संताप कशाचा सांगू? पुढच्या महिन्यात प्रिंटर अडला, तेव्हा शाळेने पुन्हा त्यालाच बोलावलं. लुसुंगुबाईने त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पेचकस त्याच्या हातात दिला.

"उघडा," ती म्हणाली. "मी बघतेय."